छोट्या कॉलेजात सोशल सायन्स: मुलांचं लिहिलेलं वाचणार कोण?

माननीय संपादक,

ॲडमिशनचे दिवस आले की पेपरात परदेशी शिक्षणावर लेख येतात, त्यात एमएस, डेटा सायन्स, फार तर एमबीए, आणि युनिव्हर्सिट्यांची तीच ती नावं. अमेरिकेत दीड-दोन हजार मुलांची छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं असतात, म्हणजे आर्ट्स आणि सायन्सचे विषय एकत्र शिकवणारी, तिथे बहुतेक ठिकाणी फक्त बॅचलर्सच असतं, आणि सोशिऑलॉजी, इकॉनॉमिक्स, पॉलिटिकल सायन्स शिकायला तिथे भारतातनं पण मुलं जातात, हे मात्र फारसं कुणी लिहीत नाही. मी मूळची संगमनेरची, मॅसॅच्युसेट्समधल्या अशाच एका कॉलेजात सोशिऑलॉजी शिकले आणि आता इथेच भाडेकरूंच्या सर्व्हेचं काम करते, म्हणून लिहितेय.

छोटं कॉलेज म्हणजे नेमकं काय, तर तिथे पीएचडीची मुलं नसतात, त्यामुळे प्रोफेसर स्वतः शिकवतात आणि पेपर पण स्वतःच तपासतात. सेमिनारला पंधरा-वीस जण, टेबलाभोवती बसायचं, आधी ढीगभर वाचून यायचं आणि न वाचता आलात तर पाच मिनिटांत कळतं सगळ्यांना. लिहिलेला पेपर परत येतो तेव्हा कडेला पेन्सिलीने प्रश्न असतात, हे कशावरून म्हणतेस, किती जणांना विचारलंस, ज्यांना विचारलं नाहीस ते काय म्हणाले असते, आणि मग तो परत लिहायचा. माझ्या मते त्या कॉलेजांची सगळी किंमत या परत लिहिण्यात आहे. हिरवळ, दगडी इमारती, लायब्ररी सगळं छान असतं, पण आपण लिहिलेलं एक अनुभवी माणूस बारकाईने वाचतोय हे कळलं ना की विचार करायची पद्धतच बदलते.

मेजर, म्हणजे मुख्य विषय, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवायचा असतो, तोवर फिजिक्स पण घ्या आणि इकॉनॉमिक्स पण घ्या. फ्रान्सिस पर्किन्स या बाईंचं उदाहरण आपल्याकडच्या आईवडिलांनी वाचायला हवं. त्या माउंट होल्योक या मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकत होत्या, 1902 ला पास झाल्या. तिथे ॲना मे सोल नावाच्या प्रोफेसर अमेरिकेचा आर्थिक इतिहास शिकवायच्या आणि मुलींना जवळच्या होल्योक शहरातल्या गिरण्यांमध्ये पाठवायच्या, कामगार कसे राहतात, किती तास काम करतात ते बघून या म्हणून. त्या कोर्सने पर्किन्स यांची वाटच बदलली. 1911 मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रायँगल कारखान्याला आग लागून 146 कामगार गेले ती आग त्यांनी डोळ्यांनी बघितली, 1933 ला त्या अमेरिकेच्या कामगार मंत्री झाल्या, तिथल्या कॅबिनेटमधली पहिली बाई, आणि 1935 चा सोशल सिक्युरिटीचा कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. 'आर्ट्स घेऊन काय करणार' असं विचारणाऱ्या काकांना मी हेच सांगते.

आता अडचणी पण सांगायला हव्यात. खर्च प्रचंड आहे, अशा बऱ्याच कॉलेजांचा वर्षाचा एकूण आकडा 80 हजार डॉलरच्या पुढे जातो, आणि ॲमहर्स्टसारखी काही मोजकी कॉलेजं परदेशी मुलांची ऐपत न बघता ॲडमिशन देऊन लागेल तेवढी मदत करत असली तरी तिथे जागा अगदी थोड्या. दुसरं म्हणजे डिग्रीनंतर एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर काम करायला सगळ्यांना 12 महिने मिळतात आणि वर आणखी 24 महिने फक्त स्टेमवाल्यांना, म्हणजे सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्सवाल्यांना. इकॉनॉमिक्स बऱ्याच कॉलेजांनी इकॉनोमेट्रिक्सच्या (आकडेवारीवरचं अर्थशास्त्र) सरकारी कोडखाली नोंदवलंय, तो स्टेममध्ये धरतात, त्यामुळे त्यांना चालतं, सोशिऑलॉजीला सहसा नाही. एजंट हे सांगत नाहीत, म्हणून कॉलेजलाच आधी ईमेल करून कोड विचारा.

पण मला खरं बोलायचंय ते आपल्याकडच्या कॉलेजांबद्दल. इथे कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात सिगारच्या पानाची तंबाखू पिकते, त्या शेतांवर राबायला पोर्टो रिको या कॅरिबियन बेटावरून माणसं आली आणि त्यातली कितीतरी कुटुंबं होल्योकमध्ये स्थायिक झाली. अशा घरांच्या मुलाखती घेऊन मी शेवटच्या वर्षाचा थिसिस लिहिला, त्याआधी कॉलेजच्या एथिक्स बोर्डाची परवानगी घ्यावी लागली, कारण विद्यार्थी असला तरी माणसांना प्रश्न विचारताना त्यांचं नुकसान होऊ नये याची जबाबदारी असते. हे सगळं करताना सारखं वाटायचं की संगमनेरला घरोघरी बायका विड्या वळतात, त्यांच्या मुली तालुक्याच्या कॉलेजात बीएला सोशिऑलॉजी घेतात आणि परीक्षेत गाइडमधली औद्योगिकीकरणाची व्याख्या लिहितात. मजुरी किती, खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कुणाच्या अंगावर पडतात, पाठदुखीवर इलाज कुठे करतात, हे त्या मुलींना प्रोफेसरांपेक्षा जास्त माहितीये, पण कुणी लिहायला सांगत नाही.

तालुक्याच्या आर्ट्स कॉलेजात टीवायला स्पेशल विषयाला मुलं थोडीच असतात, म्हणजे छोटा वर्ग आपल्याकडे आहेच. नाहीये तो वेळ असलेला शिक्षक. तासिका तत्त्वावरचे सर तासाच्या हिशोबाने पैसे घेतात, तेही वेळेवर मिळत नाहीत, दोन-दोन कॉलेजं करतात, त्यांनी तीस मुलांचे निबंध घरी नेऊन कडेला प्रश्न लिहावेत अशी अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या सहा सेमिस्टरना 75 टक्के मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी रिसर्चसह ऑनर्स करता येणार आहे, चांगलंच आहे, पण तो रिसर्च वाचणारा माणूस कायम नोकरीवर नसेल तर ते पण इंटरनेटवरनं उतरवलेलं प्रोजेक्टच होणार. डॉ. आंबेडकरांनी जातींवरचा तो प्रसिद्ध निबंध 9 मे 1916 ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये वाचला तेव्हा ते पंचवीस वर्षांचे विद्यार्थीच होते, आणि समोर ऐकून घेणारे लोक होते.

तर संपादकसाहेब, प्राध्यापक भरतीच्या बातम्या देताना रिकाम्या जागांच्या आकड्यासोबत मुलांचं लिहिलेलं कोण वाचतंय हे पण वार्ताहरांना विचारायला सांगा. आणि जिल्हा पुरवणीत महिन्यातनं एकदा अर्धं पान तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलामुलींनी स्वतः केलेल्या पाहणीसाठी ठेवा, माणसांची नावं न छापता, सरांनी तपासून पाठवलेल्या. संगमनेरपासून सुरू करणार असाल तर हजार विड्यांमागे हातात नेमके किती पैसे पडतात एवढंच आधी विचारून यायला सांगा.

आपली एक वाचक,
मूळ गाव संगमनेर, सध्या मॅसॅच्युसेट्स