फायलीवरचे प्रश्नचिन्ह

तासगाव,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा चिऊ माझ्या शेजारीच बसली होती, म्हणून "सगळे ठीक आहे" एवढेच बोलून मी फोन ठेवला. तुला ते तुटक वाटले असणार. आपण तिच्याविषयी काय बोलतो हे ती कान देऊन ऐकते आणि मग त्यातल्या एकेका शब्दाचा अर्थ विचारत रात्री उशिरापर्यंत जागी राहते. म्हणून हे पत्र.

तू दोन गोष्टी विचारल्या होत्यास: पोरीला नेमके झाले आहे काय, आणि एवढ्याशा वयात एवढ्या गोळ्या कशाला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकतो. पहिल्याचे उत्तर अजून तिच्या डॉक्टरांनाही देता आलेले नाही. फायलीवर त्यांनी वरच्या ओळीत 'ओसीडी' लिहिले आहे, म्हणजे नको त्या विचारांपोटी तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार, आणि खालच्या ओळीत 'बायपोलर', म्हणजे कधी अति उत्साहाचा उन्माद तर कधी खोल नैराश्य आणणारा आजार, असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले आहे. ते प्रश्नचिन्ह गेले चौदा महिने तिथेच आहे.

सुरुवात झाली ती ती सातवीत असताना, २०२३ च्या पावसाळ्यात. चिखलाचे पाय धुता धुता ती हात धुऊ लागली, आणि मग हात धुणे थांबेचना. साबणाची वडी दोन दिवसांत संपू लागली, बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त येऊ लागले. आईला मात्र नात सोवळ्याची निघाली याचे कौतुक होते. देवघरात जाण्याआधी तीनदा हात धुणारी मुलगी आमच्या घरात कुणाला खटकणार? मीही तिला भेगांवरचे मलम आणून देत राहिलो. पुढे तिने सुरीला हात लावणे बंद केले, आजीच्या शेजारी झोपणे बंद केले, आणि एका रात्री माझ्या कुशीत शिरून ती म्हणाली, "बाबा, मी झोपेत आजीला मारीन का?" बापू, ज्या मुलीने कधी झुरळ मारले नाही, तिच्या तोंडी हे वाक्य ऐकून माझे हातपाय गार पडले. अशा मुलांना नको ते विचार येतात ते इच्छेपोटी येत नाहीत, उलट ज्या गोष्टीची त्यांना सर्वांत जास्त किळस आणि भीती असते तीच मनात घुसते, हे मला फार नंतर कळले. आपल्याकडे या दुखण्याला 'मंत्रचळ' म्हणतात. जपात चूक झाली की माणसाला चळ लागतो, अशी जुनी समजूत त्या शब्दात आहे, आणि चिऊकडे पाहताना तो शब्द किती नेमका आहे हे मला कळते: चूक झाली असेल या भीतीने तोच जप पुन्हा पहिल्यापासून.

मिरजेच्या डॉक्टरांनी जानेवारी २०२४ मध्ये सरट्रालिन हे नैराश्यावर आणि ओसीडीवरही देतात ते औषध सुरू केले, पंचवीस मिलिग्रॅमपासून. ओसीडीला या गोळ्यांचा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात आणि मात्राही बहुधा नैराश्यापेक्षा जास्त लागते, हे त्यांनी आधीच सांगितले होते. सुरुवातीच्या आठवड्यांत मुलांच्या मनात स्वतःला इजा करण्याचे विचार वाढू शकतात, अमेरिकेत तर २००४ पासून या औषधांच्या माहितीपत्रकावर तसा ठळक इशारा छापणे बंधनकारक आहे, तेव्हा तिच्यावर लक्ष ठेवा, असेही ते म्हणाले. त्या दिवसापासून घरातल्या सगळ्या गोळ्या कपाटाच्या तिजोरीत आहेत आणि किल्ली माझ्या जानव्याला. पहिले दोन महिने पोटदुखीखेरीज काही हाती लागले नाही. मार्चमध्ये एके दिवशी ती शाळेतून आली, एकदाच हात धुतले आणि पोहे खायला बसली. तुझी वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडली.

आता मला तुला ती गोष्ट सांगायची आहे जी मी डॉक्टरांखेरीज कुणालाच सांगितलेली नाही. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी विचारले होते, "घराण्यात कुणाला मनाचा आजार?" मी नाही म्हणालो. बापू, आमचे नानाकाका तुला आठवतात. एका आठवड्यात द्राक्षबाग विकून गावजेवण घालणारे, आणि पुढचे तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहणारे नानाकाका. आमच्या घरी त्यांना 'लहरी' म्हणत, आणि मुलीच्या लग्नाला अजून दहा-बारा वर्षे असतानाही तो शब्द फायलीवर जाऊ नये असे मला वाटले. आई शेजारी बसली होती, हेही एक कारण. पण कारणे सांगून काय उपयोग!

जूनमध्ये मात्रा दीडशेवर गेली. महिनाअखेर चिऊ रात्री तीनच तास झोपू लागली आणि तरी सकाळी ताजीतवानी. बोलण्याचा वेग असा की एक वाक्य पुरे होण्याआधी दुसरे सुरू. पहाटे चार वाजता सगळी कपाटे रिकामी करून तिने नव्याने लावली, गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन आपण नृत्याचा वर्ग काढत असल्याचे सांगितले, दोन वह्या भरून त्याचे वेळापत्रक लिहिले. मला सांगायला लाज वाटते, पण पहिले तीन दिवस आम्ही खूश होतो. जी पोर दाराच्या कडीला हात लावत नव्हती ती चारचौघांत हसत होती, मग बाप खूश होणार नाही तर काय? चौथ्या दिवशी तिने आजीच्या अंगावर ताट फेकले.

मी डॉक्टरांना फोन केला आणि त्याच फोनवर नानाकाकांविषयी सांगितले. ते रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प राहून एवढेच म्हणाले, "आधी कळले असते तर मात्रा सावकाश वाढवली असती." बायपोलरकडे कल असलेल्या माणसाला ही औषधे उन्मादात ढकलू शकतात. पण लहान मुलांमध्ये नुसत्या औषधानेही चलबिचल होते, त्यामुळे हा औषधाचा परिणाम की औषधाने उघडा पाडलेला दुसरा आजार, हे एका प्रसंगावरून ठरवता येत नाही. औषध अंगातून गेल्यावरही ती अवस्था टिकते का, यावर बरेच अवलंबून असते. सरट्रालिन बंद केल्यावर चिऊ शांत व्हायला तीन आठवडे लागले. औषधाच्या खात्यावर टाकायला ते जास्त आणि आजाराचा शिक्का मारायला अपुरे. फायलीवरचे प्रश्नचिन्ह तेव्हाचे. आणि ती शांत झाली तशी नळाची धार पुन्हा सुरू झाली. इकडे आड, तिकडे विहीर.

ऑगस्टमध्ये मनाचे चढउतार आवरणारे लिथियम आले. मोबाइलच्या बॅटरीतले विष पोरीला देणार का, असे आईने विचारले, आणि खरे सांगायचे तर मलाही तेच वाटले होते. पण हे मनोविकारांवरच्या फार जुन्या औषधांपैकी आहे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ सालीच उन्मादावर त्याचा गुण दाखवला होता. व्हॅल्प्रोएट म्हणून दुसरे औषध आहे, पण मुलींना त्याने पाळीच्या तक्रारी होऊ शकतात आणि पुढे गर्भालाही धोका असतो, म्हणून डॉक्टरांनी ते बाजूला ठेवले. लिथियमची मात्रा मात्र काट्यावर तोलावी लागते. रात्रीच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी रक्त द्यायचे, सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यायची, आणि रक्तातल्या लिथियमचा आकडा ०.६ ते १.० च्या दरम्यान हवा. तो दीडच्या वर गेला की विषबाधेची भीती. शिवाय ठरावीक महिन्यांनी थायरॉइड आणि मूत्रपिंड तपासायचे.

पण खरी गंमत, म्हणजे आमची फजिती, पुढे आहे. लिथियम घेणाऱ्याने भरपूर पाणी प्यायचे असते, कारण अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते. चिऊ शाळेत बाहेरच्या पाण्याला शिवत नव्हती. घरून बाटली दिली तरी टोपणाला कुणाचा हात लागला असेल या शंकेने ती तशीच परत आणायची. पाणी प्यावे तर लिथियममुळे लघवी जास्त, म्हणजे शाळेचे स्वच्छतागृह, जे तिच्या लेखी पृथ्वीवरचे सर्वांत भयंकर ठिकाण. या औषधाने बोटांना बारीक कंप येतो, अक्षर हलते, आणि हललेले अक्षर ती खोडून पुन्हा लिहिते, एकेक ओळ सात वेळा. म्हणजे एका आजाराचे औषध दुसऱ्या आजाराच्या नेमके वर्मावर बोट ठेवत होते. ऑक्टोबरच्या उन्हात मी दुपारच्या सुट्टीत बँकेतून शाळेत जाऊन, फाटकाशी उभा राहून तिला पाणी पाजत असे. एकादशीचा उपास बंद केला. डोके दुखले तर आयब्युप्रोफेन द्यायचे नाही, पॅरासिटामॉल चालते, हे आता आईलाही पाठ आहे. तुझी वहिनी तिला नरसोबाच्या वाडीला घेऊन गेली तेव्हा मी अडवले नाही. डॉक्टरांनीही "जरूर जा, गोळी चुकवू नका" एवढेच सांगितले.

या जानेवारीपासून लिथियमच्या आधाराने सरट्रालिन पुन्हा सुरू केले आहे, मुंगीच्या पावलाने, आणि पुण्याच्या एक मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून एकदा व्हिडिओवर तिचा सराव घेतात. भीती वाटणाऱ्या वस्तूला हात लावायचा आणि धुवायचे नाही, अस्वस्थता आपोआप उतरेपर्यंत थांबायचे. पहिल्या दिवशी माझ्या चपलेला एक बोट आणि दोन मिनिटे. त्यात सर्वांत अवघड धडा मला मिळाला. "बाबा, काही होणार नाही ना?" असे ती दिवसातून पन्नास वेळा विचारायची आणि मी पन्नास वेळा "नाही ग बाळा" म्हणायचो. माझे ते उत्तर म्हणजेच तिच्या आजाराचा खुराक होता. आता मी "कदाचित होईल, कदाचित नाही" असे म्हणतो. मुलीला धीर न देणे हे औषध असू शकते, हे पोटात उतरायला मला कित्येक महिने लागले. पहिल्यांदा ते म्हणालो तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले ती नजर मी विसरलेलो नाही.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी एक वही ठेवतो: झोपेचे तास, हात धुण्याची वेळ, बोलण्याचा वेग, चिडचिड. तिचा त्यांना फार उपयोग होतो. पण ती रोज रात्री उघडून मागची पाने पुन्हा पुन्हा वाचण्याची सवय मला लागली, काही निसटले तर नाही ना म्हणून. एकदा तुझ्या वहिनीने वही हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "घरात एकच पेशंट पुरे."

ऋषिपंचमीला आपल्या गणपतीचा रथ निघाला. चिऊने मैत्रिणींबरोबर दोराला हात लावला. हजारो हातांनी ओढलेला तो दोर, वर गुलालाचा पाऊस, घाम, चिखल! घरी आली ती गुलालाने माखलेली, मोठमोठ्याने हसत, रथावरून उधळलेले पेढे कसे झेलले ते हातवारे करून सांगत, आणि तासाभराने एकदाच हात धुऊन जेवायला बसली. ते हसणे ऐकताना माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की बोलण्याचा वेग कालच्यापेक्षा जास्त आहे का. इतर मुलांच्या बापांना मुलगी हसली की नुसती हसलेली दिसते. माझी ती नजर गेली, आणि ती परत येईल की नाही हे मला सांगता येत नाही. त्या रात्री ती आठ तास झोपली. मी मोजले.

पुढच्या शनिवारी पुन्हा रक्त द्यायचे आहे. दिवाळीत तुम्ही दोघे येणार म्हणालास, तर जरूर या. तिला "आता बरी आहेस ना" असे विचारू नकोस, आणि वजन वाढले आहे त्यावर थट्टेनेही बोलू नकोस, ते गोळ्यांचे आहे आणि तिला लागते. ती तुला दारातच विचारेल, "काका, तुमचे हात स्वच्छ आहेत ना?" तेव्हा "हो" म्हणू नकोस. "कदाचित" म्हण, आणि आत ये.

तुझा,
दादा