बाबा, त्या पानावर जाहिरात कोण लावतं?

मंगळवार पेठ, कोल्हापूर

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

घरी सगळं ठीक आहे. शेजारच्या काकूंनी लोणच्याची बरणी परत केली. ती अर्धी रिकामी आहे, त्याबद्दल त्याही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. दादाकडचा मुक्काम अजून महिनाभर वाढला तरी काळजी करू नका, इकडचं मी बघते.

पत्राचं कारण बाबांचा प्रश्न. परवा फोनवर म्हणालात, "तुला पैसे देतो कोण? त्या जाहिरातवाल्याला तू बघितलंयस तरी का?" मी सांगायला लागले आणि तेवढ्यात तुमच्या नातवाने फोन ओढला. शिवाय तुम्ही सुचवलंत की शेतीच्या मोटर-पंपांवरच्या माझ्या साईटवर योजना, बाजारभाव, हवामान असं सगळंच टाक, म्हणजे गर्दी वाढेल. त्यावर मी "बघू" म्हणाले होते. खरं उत्तर "नको" असं आहे, आणि का ते फोनवर धड सांगता येण्यासारखं नाही.

जाहिरातवाल्याला मी बघितलेलं नाही, त्यानेही मला नाही. मध्ये गुगल आहे. त्यांची ॲडसेन्स नावाची सोय २००३ पासून चालू आहे. त्यांनी दिलेला कोड मी साईटमध्ये टाकला, त्यांनी साईट तपासून होकार दिला, एवढाच आमचा संबंध. पुढचं त्यांची यंत्रणा करते. ती आधी पान वाचते. पानावर सबमर्सिबल, पाच एचपी, केबल, बोअर हे शब्द आहेत, मजकूर मराठीत आहे, उघडणारा माणूस हातकणंगल्याच्या बाजूचा आहे, एवढं समजलं की त्या रिकाम्या चौकटीसाठी बोली लागते. मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तसंच समजा. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, समोर मांडलेल्या, व्यापारी भोवती उभे, ज्याची बोली वर जाईल त्याचा माल. फक्त इथे पान डोळ्यांसमोर येईपर्यंत सौदा उरकलेला असतो, आणि पुढच्या माणसाने तेच पान उघडलं की पुन्हा नवा सौदा.

जाहिरातदाराने गुगलच्या मार्फत १०० रुपये मोजले, तर त्यातले साधारण ६८ साईटवाल्याच्या वाट्याला येतात. पूर्वी हा हिशोब मुख्यतः जाहिरातीवर बोट दाबण्यावर व्हायचा. २०२४ च्या सुरुवातीपासून आम्हाला पैसे जाहिरात दिसण्यावर मिळतात. म्हणून मी महिनाअखेरीला एकच गोष्ट बघते, की कुठलं पान हजार वेळा उघडल्यामागे किती मिळाले.

तुम्ही म्हणालात, तुम्हाला त्या पानावर ट्रॅक्टर दिसला आणि दादाला त्याच पानावर बूट. बरोबर आहे. दादाने आदल्या रात्री कुठेतरी बूट बघितले असणार, त्याचा माग काढत ते तिथवर आले. सगळ्याच जाहिराती पानातला मजकूर बघून लागत नाहीत, काही माणूस बघून लागतात. माणसाची आवड काय ते माझ्या हातात नाही. पानावर काय लिहायचं ते मात्र आहे, आणि मिळकत वाढवायची तर धरायला जागा तेवढीच आहे.

आता गर्दीचं. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेवर मी एक पान लिहिलेलं तुम्हाला आठवत असेल. शेतकऱ्याने पंपाच्या किमतीचे दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, त्यावर साडेसात. सगळ्या साईटवर सगळ्यात जास्त माणसं याच पानावर येतात. आणि हजारामागे सगळ्यात कमी पैसेही हेच पान देतं! माणूस येतो, टक्का बघतो, जातो. त्याला त्या क्षणी काही विकत घ्यायचं नसतं, मग बोली तरी कोण कशाला वाढवेल? वर ही माहिती प्रत्येक मोठ्या वर्तमानपत्राच्या साईटवर आहे, आणि हल्ली तर गुगल स्वतःच उत्तर लिहून वर दाखवतं. खाली माझ्यापर्यंत यायचं कशाला? बाजारभाव आणि हवामानाचं याहून वेगळं होणार नाही. त्यातही रोज सकाळी उठून आकडे बदलायचे, म्हणजे हमाली वेगळीच.

याच्या उलट "मोटर चालू होते आणि दोन मिनिटांत ट्रिप होते", म्हणजे आपोआप बंद पडते, हे तुमचं पान घ्या. तुमचंच म्हणते, कारण शब्द माझे असले तरी त्यातलं सगळं उद्यमनगरातल्या आपल्या मोटर-दुरुस्तीच्या दुकानातलं आहे. आधी तिन्ही फेज आहेत का बघ. मग व्होल्टेज बघ, मोटर चालू असताना बघ, बंद असताना नव्हे. मग ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा भाग, कितीवर लावलाय ते मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरशी ताडून बघ. तेही ठीक असेल तर केबलचा जोड उघड. आणि बोअर खोल असून केबल बारीक टाकली असेल, तर मोटरला दोष देऊ नकोस. हे वाचणारा माणूस बांधावर उभा असतो, उसाला पाणी द्यायचं असतं, लाईट रातपाळीची असते. पान वाचून संपेपर्यंत त्याला कळलेलं असतं की आपल्याला केबल बदलायचीय, किंवा एखादी फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर असलेला स्टार्टर घ्यायचाय. केबलवाले, स्टार्टरवाले, पंपवाले अशाच माणसाला शोधत असतात. येणारे थोडे, पण बोली वरची.

म्हणून मी गेल्या वर्षी नवीन विषय धरले नाहीत, जुनी लांबलचक पानं फोडली. "मोटरीच्या सर्व समस्या" नावाचं एक पान होतं, त्यात पाइपपासून कपॅसिटरपर्यंत सगळा बाजार भरला होता. यंत्रणेला कळेना की हे पान नेमकं कशाचं, त्यामुळे तिथे जाहिरातीही वाटेल त्या यायच्या. आता कपॅसिटर वेगळा, फूटव्हॉल्व्ह वेगळा, मोठ्या मोटरीचा स्टार-डेल्टा स्टार्टर वेगळा. सुरुवातीचं "शेतकरी मित्रांनो, नमस्कार" काढून टाकलं. पहिल्याच ओळीत मोटर कुठल्या प्रकारची, किती एचपीची आणि तिला झालंय काय ते येतं. वाचणाऱ्यालाही बरं पडतं, त्याला कुठे नमस्कार हवा असतो!

पुराचं पान त्यात माझं आवडतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की लोक नदीकाठच्या मोटारी वर काढायला धावतात. ४३ च्या पुढे गेलं की ज्यांच्या राहिल्या त्यांच्या राहिल्या. तुमचं वाक्य मी तसंच ठेवलंय, "पुरातनं निघालेली मोटर वाळली दिसली म्हणून बटण दाबू नका, आधी मेगर लावा." मेगर म्हणजे आतल्या तारांचं इन्सुलेशन शाबूत आहे का ते दाखवणारं यंत्र. पावसाळ्यात ते पान चालतं आणि एरवी झोपतं. पण चालतं तेव्हा त्याच्यासारखं दुसरं नसतं, कारण भिजलेल्या मोटरीबद्दल मराठीत असं हात घालून लिहिलेलं फारसं सापडतच नाही.

जाहिराती किती आणि कुठे, हा दुसरा भाग. गुगलवर सगळं सोपवलं की ते जागा दिसेल तिथे चौकट ठोकतात. मी त्यातल्या बऱ्याच बंद केल्यात. पूर्ण पडदा झाकणारी जाहिरात तर पहिल्यांदा बंद केली, कारण शेतात उभ्या माणसाला फुली शोधायला लावणं मला पटत नाही. पहिलं उत्तर संपतं तिथे एक, मध्ये एक, शेवटाच्या थोडी अलीकडे एक, बस्स. जाहिरात "दिसली" असं मोजायचं असेल, तर तिचा निम्मा भाग निदान एक सेकंद पडद्यावर असावा लागतो. मग पार तळाला, जिथवर कोणी पोचतच नाही, तिथे चार चौकटी लावून काय उपयोग? उलट साईट जड होते, गावाकडच्या रेंजवर उघडायला वेळ लागतो, माणूस मागे फिरतो. फोटोही मी लहान करून घातले, आणि जाहिरातीची जागा आधीच राखून ठेवली, म्हणजे वाचताना मजकूर खाली उडी मारत नाही. नुसत्या एवढ्यानेही फरक पडला.

काही जाहिराती मी मुद्दाम अडवल्यात. पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप, वशीकरणवाले बाबा, झटपट श्रीमंतीवाले. अडवल्या की बोली लावणारे कमी होतात, त्यामुळे थोडे पैसे जातात हे खरं. पण ज्याची मोटर जळालीय त्याच्या पुढ्यात कर्जाचं ॲप ठेवायचं माझ्याच्याने होत नाही. बाबा, तुम्ही पण दुकानात ते लॉटरीवाल्याचं कॅलेंडर लावू दिलं नव्हतंत.

आई, आता तुझ्यासाठी, आणि हे नीट वाच. भिशीतल्या बायकांना तू सांगितलंस म्हणे की, "आमच्या मुलीच्या पानावरच्या जाहिराती दाबत जा, तिला पैसे मिळतात." माया आहे, कळतं मला. पण असं अजिबात करायचं नाही. आपण स्वतः दाबलं, घरच्यांनी दाबलं, मैत्रिणींना दाबायला लावलं, तर ते यंत्रणेच्या लक्षात येतं. तसले पैसे कापून जाहिरातदाराला परत करतात आणि खातं कायमचं बंद करू शकतात. त्यांना सांग, पान वाचा, कुणाच्या शेतात मोटर असेल तर त्यांना पाठवा. जाहिरातीचं ज्याचं त्याला बघू दे.

पैसे येतात कसे, तेही सांगते, म्हणजे बाबांना झोप लागेल. खात्यात १० डॉलर झाले की पत्ता खरा आहे का बघायला ते साध्या टपालाने पिन पाठवतात. पोस्टमनने आणलेलं ते कार्ड तुम्ही विम्याच्या कागदांत जपून ठेवलंत, तेच ते. मग १०० डॉलर पूर्ण झाल्याशिवाय काही निघत नाही. झाले की पुढच्या महिन्यात २१ ते २६ तारखेच्या दरम्यान बँकेकडे रवाना होतात. एखाद्या महिन्यात शंभर भरत नाहीत, मग ते पुढे ओढले जातात. दिवाळीच्या आसपास जाहिरातदार हात सैल सोडतात आणि जानेवारीत आखडतात. आपल्या विषयाला मात्र उन्हाळा चांगला. उसाचं बिल जमा झालेलं असतं आणि विहिरीचं पाणी खाली गेलेलं असतं. त्यामुळे पंप आणि पाइपची पानं मी फेब्रुवारीच्या आत नव्याने तपासून ठेवते.

सीएच्या ऑफिसातलं काम मी सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही. या पैशांवर घर चालत नाही. पण घराचं वीजबिल आणि आईच्या गोळ्या त्यातून निघतात, आणि वर थोडे उरतात.

वाढवायचं असेल तर गर्दी नको, बाबा, तुम्ही हवे आहात. तुमच्याकडून मला तीन पानांचा माल हवाय. पहिलं, मोटर पुन्हा भरून, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून घ्यावी, की नवी घ्यावी. दुकानात गिऱ्हाईक बाकड्यावर बसलं की तुम्ही त्याला जे विचारायचात ते सगळं सांगा. मोटर किती जुनी, आधी किती वेळा भरलीय, तांबं आहे की ॲल्युमिनियम, बॉडी कशी आहे. लोक यावर पैसे घालायच्या आधी शोधतात आणि मराठीत त्यांना धड काही मिळत नाही. दुसरं, स्टार-डेल्टा कुठून पुढे लागतो आणि लोक तो नसता कुठे लावतात. तिसरं, उंचीवरच्या शेताला पंप निवडताना हेड, म्हणजे पाणी किती उंच चढवायचंय तो हिशोब, कसं काढायचं. हे मला अजून नीट कळलेलं नाही, तेव्हा पहिल्यापासून सांगा.

लिहू नका, डोळ्यांना त्रास होतो. फोनवर बोलून पाठवा, पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून. पोरगं झोपल्यावर बोला. आणि दादाला म्हणावं, त्याच्या ऑफिसच्या इमारतीत पंपघर असेल तर तिथल्या स्टार्टरचा झाकण उघडलेला फोटो काढ. मेन बंद करून, इलेक्ट्रिशियन बरोबर घेऊन. फोटो व्हॉट्सॲपवर नुसता टाकला की बारीक होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव. पुढच्या रविवारी वहिनीचा भाऊ तिकडे निघालाय, त्याच्याबरोबर पाठवते. गुळाची एक ढेपही देते, बिनपावडरीची.

तुमची,
मृणाल