उशीर ठाण्यात नको, घरात आण

इंदूर

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची बारा प्रकरणं वाचून झाली. शोध घेणारी जान्हवी छान उतरली आहे, तिचं फटकन बोलणं तर अगदी आपल्या राजेंद्रनगरचं. पण ज्या खांबावर तू अख्खी कादंबरी तोलली आहेस, तोच कच्चा आहे. पंधरा वर्षांचा अथर्व शुक्रवारी शाळेतून घरी येत नाही. आईवडील ठाण्यात जातात, 'चोवीस तास वाट बघा' असं ऐकून परततात आणि तेवढ्यात सगळे धागे हातचे जातात. अल्पवयीन मुलासाठी वाट बघण्याचा असा नियमच नाही. मे २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं: मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर, आणि वेगळं काही सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा तस्करीच धरून चालायचं. चार महिन्यांत मूल मिळालं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातो. हद्दीचं कारण सांगून परत पाठवायचीही सोय नाही. झिरो एफआयआर नोंदवून ती योग्य ठाण्याकडे धाडतात.

ठाण्यात टाळाटाळ होत नाही असं मी म्हणत नाही. पण रहस्य त्यावर बेतलंस की वाचक पोलिसांवर चिडतो, आणि वर्गातली मुलं, मास्तर, घरचे सगळे सुटतात. तुझा विषय तर तेच लोक आहेत. म्हणून उशीर त्यांच्याकडून होऊ दे. शुक्रवारी रात्री घरचे म्हणतील, आधी देवासला आत्याकडे विचारू, उगाच कॉलनीत बोभाटा नको. शनिवारी शाळेतून उत्तर येईल, तो आमच्या गेटबाहेर पडला होता. रविवारी वर्गातली मुलं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे फोटो पुसत बसतील. सोमवारी वडिलांच्या हाती एक निनावी स्क्रीनशॉट पडेल आणि तो ते बायकोपासून लपवतील. ठाण्याची पायरी चढायला मंगळवार उजाडेल. प्रत्येकाने आपापली अब्रू सांभाळली, आणि मुलाचे चार दिवस गेले. जान्हवीला शोधायचं आहे ते या चार दिवसांत कोणी काय लपवलं ते.

उशिराची किंमतही नेमकी दाखव. दुकानाबाहेरच्या सीसीटीव्हीचं चित्रण डीव्हीआर या रेकॉर्डरच्या हार्ड डिस्कवर साठतं. डिस्क भरली की सर्वांत जुनं पुसून त्यावर नवं चढतं. किती दिवस टिकेल हे डिस्क, कॅमेरे आणि चित्राचा दर्जा यांवर ठरतं. लहान दुकानात कधी आठवडाभरच. तेव्हा मंगळवारी सगळं गायब, असं लिहू नकोस, पटणार नाही. त्यापेक्षा डीव्हीआरचं घड्याळ वापर. ते इंटरनेटला जोडलेलं नसेल तर हळूहळू पुढे-मागे होतं, वीज जाऊन आतला सेल संपला असेल तर भलतीच तारीख दाखवतं. जाणता तपास अधिकारी चित्रण घेताना डीव्हीआरची वेळ आणि खरी वेळ शेजारी शेजारी पंचनाम्यात लिहितो. तुझ्या गोष्टीत घाईमुळे ते राहून गेलं, आणि स्टेशनरीवाल्याचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे होतं, असं कर. म्हणजे 'मी तेव्हा कोचिंगला होतो' हा अथर्वला छळणाऱ्या रुद्रचा दावा नवव्या प्रकरणात खरा वाटेल आणि चौदाव्यात कोसळेल. वाचकाला ते घड्याळ मात्र चौथ्या प्रकरणातच, सहज जाता जाता दिसलेलं असू दे. पुरावा म्हणून ते चित्रण कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्रही लागतं. ते जान्हवीच्या तोंडी घालू नकोस, टीआय, म्हणजे टाउन इन्स्पेक्टर, बोलेल.

हो, टीआय. पुण्यात राहून तू 'पीआय साहेब' आणि 'हवालदार' लिहिलं आहेस. मध्य प्रदेशात ठाण्याचा प्रमुख टीआय, खाली उपनिरीक्षक, प्रधान आरक्षक, आरक्षक. मूल मिळालं की कागदावर 'दस्तयाब' लिहितात. वयाच्या पुराव्यासाठी शाळेचं दाखिल-खारिज रजिस्टर, म्हणजे प्रवेशाची नोंदवही, मागतात, आणि बघ, तिथेच मुख्याध्यापकांची चालढकल बसवता येईल.

मोबाइलचं तू सिनेमातलं लिहिलं आहेस. कॉल डिटेलमध्ये कोणी कोणाला, कधी, किती वेळ आणि कोणत्या टॉवरखालून फोन केला ते दिसतं; व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर दिसत नाही आणि कंपनीही तो देऊ शकत नाही. तो मिळतो ग्रुपमधल्या कुणाच्या तरी हँडसेटमधून. म्हणजे चौतीस मुलांपैकी एकाने तरी फोन पुढे करायला हवा! सिम बदललं तरी हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक, आयएमईआय, तोच राहतो आणि नव्या नंबरसोबत नोंदीत उमटतो, हा धागा तुला फुकट मिळतो आहे.

आता छळाकडे. रुद्र एकटाच दुष्ट, बाकीचे घाबरलेले, हे फार सोपं झालं. नॉर्वेच्या मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयसने छळाच्या तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम, पुन्हा पुन्हा, आणि ताकदीचा तोल एका बाजूला. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्लीने १९९६ मध्ये त्याभोवतीच्या भूमिका मांडल्या: म्होरक्या, त्याला हात देणारे, हसून चेव आणणारे, बाजूला राहणारे, मध्ये पडणारे. तुझ्या वर्गात हे सगळे हवेत. मारामारीची दोन प्रकरणं काढ. त्याऐवजी हजेरी घे: अथर्वचं नाव पुकारलं की मागच्या बाकावरून कुकरच्या शिटीचा आवाज, रोज, आणि मॅडमच्या ओठांवर हसू येऊन गेलेलं. त्याच्या चेहऱ्याचं स्टिकर एकाने बनवलं, सोळा जणांनी हसण्याच्या खुणा टाकल्या, जान्हवीनेही एकदा. तिथे ती वाचकाला खरी वाटायला लागेल. तो घरी का सांगत नाही, याचं कारण साधंच ठेव: सांगितलं तर पहिल्यांदा त्याचाच फोन काढून घेतील.

अथर्वचा जाण्याचा मार्गही बदल. महूहून ओंकारेश्वर रोडला जाणारी मीटरगेज २०२३ मध्ये बंद झाली. पातालपाणी ते कालाकुंड हेरिटेज गाडी तेवढी उरली आहे. अथर्वला सरवटे स्टँडवरून बस दे: सिमरोल, भेरूघाट, बडवाह, मोरटक्का. घाटात रेंज जाते, तिथे फोन गप्प होऊ दे.

शेवटी रुद्रला बेड्या घालायचं ठरवलं आहेस, ते सोड. तो सोळा वर्षांचा. अल्पवयीनाला बेड्या नाहीत, कोठडी नाही. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, आणि गुन्हा अतिगंभीर नसेल तर सहसा एफआयआरसुद्धा होत नाही, रोजनामच्यात नोंद होते. समुपदेशन, समाजसेवा, फार तर तीन वर्षं विशेष गृह. वर्तमानपत्रात त्याचं नाव छापणं गुन्हा आहे आणि अथर्वचं छापणंही. अथर्व मिळाला तरी थेट आईच्या कुशीत जात नाही. चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करतात. तिथे 'घरी जायचंय का?' असं विचारल्यावर तो गप्प राहतो, असा प्रसंग लिहून बघ.

अथर्वच्या निरोपाच्या चिठ्ठीचं प्रकरण नीट विचार करून ठेव. मरणाचा मार्ग त्यात लिहायचा नाही आणि चिठ्ठीने सूड उगवला असंही दाखवायचं नाही. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर टेलि-मानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ छापायला प्रकाशकांना सांग.

तेरावं प्रकरण लिहायच्या आधी चौथं आणि नववं दुरुस्त कर, आणि पाठव. बाबांनी भेरूघाटातल्या थांब्यांची यादी करून ठेवली आहे, ती वेगळ्या कागदावर जोडते.

तुझी,
आई