काकू, तुम्ही भांडं माझ्या हातातून काढून घेतलं नाहीत

प्रिय काकू,

आधी ‘सा. न. वि. वि.’ असं लिहिलं आणि खोडलं. तुमच्या ओट्याशी उभं राहून कोपरापर्यंत चिकटलेलं पीठ खरवडत बसणाऱ्याने एकदम इतकं औपचारिक होणं बरं दिसत नाही.

तुम्ही लेकीकडे राहायला गेलात त्याला दोन महिने झाले. जायच्या दिवशी नीट आभार मानायचे राहूनच गेले. जिन्यात सामान, खालीवर माणसं, आणि त्या सगळ्या गोंधळात तुमचं एकच पालुपद, “बरणीला वेळेवर जेवायला घाल.” (बरणी म्हणजे पीठ-पाणी घालून जिवंत ठेवायचं तुमचं पावाचं विरजण.) मी मान डोलावली, एवढंच. बाकीचं आता लिहितोय. ताई हे तुम्हाला वाचून दाखवेल. (ताई, मधे मधे गाळू नकोस.)

पत्र चारचौघांत लिहायचं कारण साधं आहे. दोनदा केक बसला की “आपल्या हाताला गुण नाही” म्हणून केकचं भांडं माळ्यावर टाकून देणारे पुष्कळ असतात. मी त्यांच्यातलाच होतो. माझं भांडं माळ्यावर गेलं नाही, कारण त्या दिवशी जळका वास तुमच्या खिडकीपर्यंत पोचला आणि तुम्ही खाली आलात.

मला वाटलं, तक्रार घेऊन आलात. तुम्ही सरळ आत येऊन केककडे पाहिलंत. कडा काळपट, उंच, मधोमध खड्डा. ओट्यावर खोलगट बशी ठेवल्यासारखा दिसत होता. “काय काय घातलंस?” हे सगळे विचारतात. तुम्ही विचारलंत, “दार कधी उघडलंस?”

दहाव्या मिनिटाला, मी म्हटलं. फुगतोय का ते बघायला.

“फुगत होता. तू बघितलंस म्हणून बसला.”

मग चमच्याने मधला कच्चा भाग बाजूला सारून कडेचा एक तुकडा तोंडात टाकलात आणि चावता चावता मला समजावलंत. दहाव्या मिनिटाला कडा धरलेल्या असतात, पण मधलं मिश्रण अजून पातळच असतं. अंडं आणि पिठातला स्टार्च घट्ट झाला की केकला अंगचा आधार येतो. तोवर त्याला नुसते गरम वायूचे बुडबुडे तोलून धरत असतात. दार उघडलं की आतली उष्णता भसकन बाहेर, बुडबुडे आकसतात, आणि आधाराशिवाय उभं असलेलं ते छप्पर खाली येतं. त्यानंतर मी घाबरून तो आणखी वीस मिनिटं आत ठेवला होता, त्यामुळे कडांचा कोळसा झाला. एका चुकीवर दुसरीचं पांघरूण.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर घेऊन आलात. बटण १८० वर, आतला काटा २०५ वर. मी त्या ओव्हनशी दीड वर्ष प्रामाणिक होतो हो! पाककृतीत १८० लिहिलंय म्हणून १८० लावायचो आणि प्रत्येक करपलेल्या कडेचा दोष स्वतःला द्यायचो. तेव्हापासून मी बटण १५५ वर लावतो आणि झोप नीट लागते.

वजनकाट्याचं मात्र मला पटायला वेळ लागला. घरगुती स्वयंपाकाला कसला काटा, अंदाज नावाची काही चीज आहे की नाही, असा माझा तोरा होता. तुम्ही वाद घातला नाहीत. एकच कप हातात दिलात आणि मैदा तीनदा भरायला लावलात. एकदा डब्यात कप खुपसून, एकदा चमच्याने अलगद, एकदा चाळून. पहिला भरला १५१ ग्रॅम, दुसरा १२८, तिसरा ११५. कप तोच, मैदा तोच, हातही माझाच. मी गप्प बसलो. तुम्ही काटा माझ्या ओट्यावर ठेवून वर निघून गेलात, आणि तो अजून तिथेच आहे. परत करणार नाही.

यीस्टचा दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो.

माझा पाव दोनदा विटेसारखा झाला होता. मी ठरवून टाकलं होतं की पुडीच खराब आली. तुम्ही तीन वाट्या मांडल्यात, तिन्हीत चमचाभर साखर. एकीत माठातल्यासारखं गार पाणी, एकीत कोमट, तिसरीत मी रोज घ्यायचो तसं, वाफाळतं. तिन्हींवर एकाच पुडीतलं यीस्ट भुरभुरवलंत आणि म्हणालात, “दहा मिनिटं बस इथे. काही करू नकोस.” काही न करणं मला मुळात जमत नाही. पण बसलो. चौथ्या-पाचव्या मिनिटाला कोमट वाटीत एक तांबूस ढग वर आला, मग दुसरा, आणि दहा मिनिटांत वाटीभर फेस. त्याला पिकलेल्या फळासारखा वास. गार वाटीत दाणे तळाशी निवांत. तिसऱ्या वाटीत काहीच नाही, नुसतं गढूळ पाणी. “ही वाटी,” तुम्ही तिच्याकडे बोट करून म्हणालात, “तू रोज मारतोस.”

यीस्ट म्हणजे जिवंत पेशी. ५५-६० अंशांच्या पुढे त्या तग धरत नाहीत, आणि ३५ ते ४० अंशांत खुशीत असतात. हे मी नंतर वाचलं. तुम्ही सांगितलेलं माप जास्त कामाचं होतं: तान्ह्या बाळाला आंघोळ घालशील तेवढंच गरम पाणी. माझ्या घरात तान्हं बाळ नाही, पण मनगटावर पाणी टाकून बघताना दर वेळी तेच डोळ्यांपुढे येतं. आंबण्याच्या मागे जिवंत पेशींचं काम आहे, हे लुई पाश्चरने १८५७ पासूनच्या प्रयोगांतून दाखवलं. म्हणजे त्याआधी माणसं हजारो वर्षं पाव फुगवत होती, आणि कोण फुगवतंय याचा पत्ता नव्हता. माझा तिसऱ्या वाटीचा अपराध त्यामानाने लहान.

आणि मग मळणं. ज्यासाठी मुळात हे पत्र लिहायला घेतलं ते हेच.

पाचशे ग्रॅम मैदा, सव्वातीनशे ग्रॅम पाणी, दहा ग्रॅम मीठ, सात ग्रॅम कोरडं यीस्ट. पहिली पाच मिनिटं ते पीठ म्हणजे छळ असतो. हाताला, ओट्याला, नळाला, सगळ्याला चिकटतं. मी मैद्याच्या डब्याकडे हात नेला की तुम्ही फक्त “अंहं” म्हणायचात. वरून मैदा घातला की आत्ता बरं वाटतं आणि पाव कोरडा होतो, हे मला कळत होतं, तरी हात जातच होता. तुमच्या हातांना ते सहा मिनिटांत जमलं असतं. मी अठरा मिनिटं झगडत होतो, घाम पिठात पडायच्या बेतात आलेला, आणि तुम्ही स्टुलावर बसून शेंगा सोलत होतात. एकदाही “आण इकडे” म्हणाला नाहीत.

मग कधीतरी ते बदललं. नक्की कधी, सांगता येणार नाही. ओट्यावरून पीठ आपणहून सुटायला लागलं, हाताखाली गुळगुळीत, कानाच्या पाळीसारखं मऊ झालं. तुम्ही लिंबाएवढा गोळा तोडून माझ्याच बोटांनी ताणायला लावलात. तो फाटला नाही, पडद्यासारखा पातळ होत गेला, आणि त्यातून मला खिडकीचा उजेड दिसला. पिठातल्या प्रथिनांना पाणी मिळून जाळं विणलं गेलं की असं होतं. यीस्टने सोडलेला वायू तेच जाळं धरून ठेवतं. तुम्ही मळून दिलं असतं तर पाव नक्कीच जास्त चांगला झाला असता. पण तो क्षण माझ्या बोटांना कळला नसता, आणि पुढच्या प्रत्येक पावाला मी जिना चढून तुमच्याकडे आलो असतो.

केकला मात्र नेमकं उलटं. तिथे मी नव्या उत्साहाने मैदा घालूनही घोटत बसलो आणि केक चिवट झाला, आत बोगदे. “पावाचा राग केकवर काढू नकोस,” तुम्ही म्हणालात. फेटायचं ते बटर आणि साखर, मैदा पडायच्या आधी, पार फिकं आणि हलकं होईपर्यंत. बेकिंग पावडर नवे बुडबुडे करत नाही, आपण फेटताना कोंडलेले असतात तेच मोठे करते. हे समजल्यापासून मी फेटताना कंटाळा करत नाही. मैदा आला की मात्र चार हात फिरवून थांबतो.

बेकिंग पावडरवरून आठवलं. यीस्टशिवाय फुगवणारी पावडर १८४३ मध्ये इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्ड या रसायनतज्ज्ञाने तयार केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. अंडीही सोसत नव्हती, म्हणून त्याने त्याआधीच बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली होती. मी हे तुम्हाला मोठ्या कौतुकाने सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, “पण तिला आवडलं का?” याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आता त्या संध्याकाळबद्दल. थोडक्यात लिहितो, कारण तेव्हाही आपण फार बोललो नव्हतो. मुलाखतीच्या शेवटच्या फेरीतून मला तिसऱ्यांदा नकार आला होता. मी थर्मामीटर परत करायच्या निमित्ताने वर आलो. तुम्ही चेहरा पाहिलात आणि काही न विचारता चार मोठे कांदे आणि सुरी पुढे केलीत. चिरताना डोळ्यांत पाणी आलं ते कांद्यामुळेच. मला रडू येत नव्हतं, राग येत होता.

कांदा दहा मिनिटांत खरपूस होतो असं जे लिहितात त्यांनी तो कधी परतलेला नसावा. मंद आचेवर, जाड बुडाच्या पातेल्यात आपल्याला पन्नास मिनिटं लागली. आधी तो नुसता गळाला आणि पातेलं पाण्याने भरलं. ते आटल्यावर पिवळा, मग मधाच्या रंगाचा. मग बुडाला तपकिरी लागायला लागलं. मी घाबरून गॅस बंद करायला गेलो तर तुम्ही पळीभर पाणी टाकून ते सगळं खरवडून घेतलंत. असं चार-पाच वेळा. दर खेपेला रंग गडद आणि वास आणखी गोड. साखर आणि प्रथिनांचे घटक तापून हा रंग आणि वास तयार होतो, त्या क्रियेला मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव आहे. त्याने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. पावाच्या तांबूस कवचालाही तीच कारणीभूत. मला तेव्हा एवढंच कळत होतं की पन्नास मिनिटं ढवळत असताना मी त्या नकाराचा विचार केला नव्हता.

सूप झालं तेव्हाच तुमचा पाव ओव्हनमधून निघाला. आता, पाव गरम असताना कापायचा नाही, हा तुमचा सगळ्यात कडक नियम. आतला स्टार्च स्थिर व्हायला वेळ लागतो, घाई केली की आत लगदा होतो. निदान तासभर थांबायचं. या नियमावरून तुम्ही मला दोनदा झापलं होतंत. त्या संध्याकाळी तुम्ही तो पाव फडक्यात धरून हातानेच मोडलात. वाफ तुमच्या चष्म्यावर आली. आतून तो थोडा चिकटच होता.

“आज चालतंय,” तुम्ही म्हणालात आणि अर्ध्यापेक्षा मोठा तुकडा माझ्या ताटलीत ठेवलात.

आभार त्या तुकड्याचेही.

बरणीचं सांगायचं राहिलं. ताई, हे नीट वाच. मी तिला बारा दिवस विसरलो. फ्रिजच्या मागच्या बाजूला गेली होती. काढली तर वर करडं पाणी साचलेलं, वास नाकात जाणारा, आणि तुम्ही पातळी कळावी म्हणून लावलेलं लाल रबर खाली घसरलेलं. मी फोन केला तेव्हा माझा आवाज ऐकून तुम्हाला वाटलं कोणी आजारी आहे. नंतर बराच वेळ हसलात. “मेली नाहीये ती, भुकेली आहे.” वरचं पाणी ओतलं, दोन चमचे विरजण ठेवून बाकीचं टाकलं, तितक्याच वजनाचं पीठ आणि पाणी घातलं, सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या दिवशी दुपारी ती रबराच्या वर दुप्पट चढली होती. मी एकटाच घरात होतो आणि तरी मोठ्याने “अरे वा” म्हणालो.

अजून एक कबुली. गेल्या रविवारी भाचा आला होता, त्याला पाव शिकायचा होता. मी सगळं तुमच्यासारखं केलं, वाट्यासुद्धा मांडल्या. मळताना तो अडला, पीठ ओट्यावर पसरलं, आणि मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. दोनदा. दुसऱ्यांदा तो हात धुऊन बाहेर जाऊन बसला. तुम्ही अठरा मिनिटं त्या स्टुलावर कशा बसलात, काकू? शेंगा सोलायची युक्ती होती का ती? खरंच विचारतोय. तो पुढच्या रविवारी परत येणार आहे.

आणि पावाचा तळ अजून फिकाच राहतोय. वरून रंग छान येतो, आतला आवाजही पोकळ येतो, पण तळ पांढरट. जाळी एक कप्पा खाली घेऊ, की लोखंडी तवा आधी तापवून त्यावर ठेवू? ताईच्या फोनवरून संध्याकाळी सांगा. पीठ फ्रिजमध्ये आहे, उद्या सकाळी भाजणार आहे.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा