बारा मिलिमीटर

प्रिय सुमे,

आधी पोटभर हसून घे, मग पुढचं वाच. गोट्याला, आमच्या कुत्र्याला, डिकीत बसवून न्यायचा पिंजरा तयार झाला, रंगही वाळला, उचलून गाडीपाशी नेला आणि तो दारातून आत जाईना. बारा मिलिमीटरनी अडला. डिकीत चाकांच्या कमानींमधलं अंतर ९८०, म्हणून पिंजरा ९६० धरला, दोन्हीकडे दहा-दहा मोकळे. पण दाराच्या तोंडाशी, खाली जिथे चौकट आत येते तिथे, दाराच्या रबरी बीडिंगसकट भरतात ९४८. ते मोजलंच नाही. बीडिंग उपटून पाहिलं. दहा मिळाले, दोन उरलेच. तिरका करून सारायला गेलं तर वरचा कोपरा छताच्या अस्तरात घुसतो.

हॉस्टेलवरच्या टेबलाचं नाव काढू नकोस. ते खोलीतच बांधायचा हट्ट तुझा होता. दार मोजायचं माझ्याकडे होतं हे मी पंचवीस वर्षांत कबूल केलेलं नाही, आजही करणार नाही. पण हे ऐकून नक्की कोण आणि कसं हसेल ते माहीत होतं, म्हणून दुसऱ्या कुणाला न सांगता तुलाच लिहायला बसले.

चार महिने तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, त्याबद्दल जे बोलायचं ते भेटीत बोल. तब्येत बरी आहे. गुडघा आहे तसाच.

तुलाही ठमीसाठी असाच पिंजरा करायचाय म्हणतेस, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. पहिली गोष्ट, लोखंडाला हात लावण्याआधी पुठ्ठ्याचा पिंजरा कर. मोठ्या खोक्यांचे तुकडे, चिकटपट्टी, पूर्ण मापाचा. तो दारातून आत घाल, बाहेर काढ, मागचं दार आपट. नुसती टेप धरली की डिकीचं आतलं माप मिळतं, वाटेतलं मिळत नाही. मागच्या काचेचा उतारही पुठ्ठ्यावरच कळतो. माझ्याकडे ६५० उंचीला २०० आत जातो, म्हणजे साधारण सतरा अंश. म्हणून खालची खोली ६८०, वरची ४८०.

कुत्र्याचं माप उभं असताना घ्यायचं. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीत दहा-पंधरा सेंटिमीटर मिळवायचे, आणि डोक्याच्या उंचीत चार-पाच. गोट्या ७८ लांब, ५६ उंच, तेव्हा तो आडवा, म्हणजे गाडीच्या रुंदीच्या दिशेने झोपणार. ऐसपैस जागा दिली की कुत्रा सुखी असं वाटतं, पण ब्रेक लागला की जितकी मोकळी जागा तितका तो आतल्या आत घसरून जोरात आदळतो. वळता यावं, आडवं होता यावं, बस्स. आणि बाहेरची उंची म्हणजे आतली नव्हे. प्लाय खालच्या पाइपांवर ठेवला असता तर माझे पाइपाचे २५, प्लायचे १२ आणि रबरी मॅटचे ६ असे ४३ मिलिमीटर तळातच गेले असते. मी चौकटीच्या आत, तळाशी ३ मिलिमीटरच्या पट्ट्या वेल्ड करून त्यावर प्लाय टेकवला. बावीस वाचले, शिवाय पाइपाचा काठ चार मिलिमीटर वर राहतो, सांडलेलं पाणी डिकीत जात नाही. प्लायच्या कापलेल्या कडांना इपॉक्सी पाज, नाहीतर पहिल्या लघवीला फुगतात. मॅट खरखरीत घे. पाय घसरत राहिला की कुत्रा प्रत्येक वळणावर अंग ताठ धरून बसतो आणि मग ओकतो.

सांगाड्याला २५ बाय २५ चा चौकोनी पाइप, जाडी दीड मिलिमीटर. मीटरला १.१ किलो, नऊ मीटर लागला. दारांना आणि मधल्या आडव्यांना २० चा. जाळी २५ च्या घरांची, ३ मिलिमीटर तारेची, अडीच चौरस मीटर, तीच अकरा किलो भरली. प्लाय-मॅट धरून सगळा पिंजरा चौतीसच्या आसपास जातो. अॅल्युमिनियम का नाही, हा तुझा प्रश्न येणारच. वजन निम्म्याखाली येतं हे खरं, पण वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याशेजारचा अॅल्युमिनियम मऊ पडतो, आणि नेमका तिथेच जोर येतो. प्लास्टिकचे कोपरे ठोकून जोडलेले अॅल्युमिनियमचे पिंजरे मिळतात ना, ते कुत्रा बसवायला छान. धरून ठेवायला नाहीत.

जाळी चौकटीच्या आतल्या बाजूने लावायची. कुत्रा ढकलतो तेव्हा जाळी पाइपावर दाबली जाते. बाहेरून लावलीस तर प्रत्येक धक्का वेल्डचे टाके उपटायला मदत करतो. आतून लावल्यावर तारांची कापलेली टोकं मात्र पाइपावरच संपली पाहिजेत, आणि कानस फिरवून हाताच्या पाठीने तपासायची. बोटांना कळत नाही ते हाताच्या पाठीला कळतं. पन्नासच्या घरांची जाळी स्वस्त आणि हलकी, पण तिच्यातून पंजा जातो आणि परत येताना अडकतो. पिंजऱ्यात असताना गळ्यातला पट्टा काढून ठेवायचा तोही याचसाठी, त्याची कडी जाळीत अडकते. जाळी जस्ताचा मुलामा दिलेली असेल तर वेल्डच्या जागेभोवती दोन-तीन सेंटिमीटर मुलामा घासून काढ आणि उघड्यावर काम कर. त्या पांढऱ्या धुराने संध्याकाळी हुडहुडी भरते, वर्कशॉपमधली ती रात्र तू विसरली नसशील. (तू म्हणत होतीस मलेरिया. नव्हता.)

आधी सगळीकडे नुसते टाके मार, मग दोन्ही कर्ण मोज. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असला तर टाका तोडून सरळ कर, पुढे आपोआप बसेल अशी आशा करू नकोस. मग समोरासमोरचे कोपरे आलटून-पालटून वेल्ड कर, एकाच बाजूने पुढे सरकत गेलीस की चौकट पिळते. दार आणि चौकट यांच्यात ३ मिलिमीटरची पट्टी खोचूनच बिजागरी लावायची. वेल्ड ओढतं, त्या तीनचे दोन होतात आणि रंगानंतर दीड. मागे मी एकसंध दार न करता दोन पाती केली. रुंद दार वर्षभरात खाली झुकतं आणि मग खटका वर उचलून लावावा लागतो. खटका स्प्रिंगचा आणि वर अडकवायची पिन. नुसती पडणारी कडी गोट्या नाकाने उचलतो, आणि त्याने नाही उचलली तर रस्त्याचे खड्डे उचलतात.

आता बारा मिलिमीटरांचं. एक बाजू कापून ती बोल्टने सुटी करायची असं ठरवलंय. चार आडव्या पाइपांच्या टोकांत ६ मिलिमीटर जाडीचा तुकडा वेल्ड करायचा, त्याच्या मागे एम-८ चा, म्हणजे ८ मिलिमीटर बोल्टाचा नट, आणि बाजूच्या चौकटीच्या पाइपातून बोल्ट आत घ्यायचा. इथे लोक एक गोष्ट हमखास विसरतात. दीड मिलिमीटरच्या पोकळ पाइपातून बोल्ट आरपार घेऊन आवळला की पाइप चेपतो. चेपला की ताण सुटतो, ताण सुटला की महिन्याभरात खडखड सुरू. म्हणून पाइपात बरोब्बर २२ लांबीची छोटी नळी, बोल्ट जाईल एवढ्या भोकाची, आधी बसवायची, म्हणजे आवळताना नळी दाबली जाते, पाइप नाही. बावीस का, तर पंचवीसमधून दोन भिंती वजा. साडेएकवीस केलीस तर अर्धा मिलिमीटर चेपतोच, तेवढा पुरतो खडखडायला.

पण झोप उडवलीय ती या कापाकापीने नाही. ती आपण करू.

हिशोब करून बघ. ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळपास चौदा मीटर. गाडी कुठेतरी आदळून एक दशांश सेकंदात थांबली तर प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या चौदापट जोराने पुढे जाते. गोट्या सव्वीस किलोचा, म्हणजे एकटाच साडेतीनशेच्या वर. पिंजऱ्यासकट साठ किलो, म्हणजे साडेआठशेच्या घरात. इतका जोर मागच्या सीटच्या पाठीला झेपावा अशी अपेक्षा मी करणार नाही, तिच्यावर माणसं बसतात. तेव्हा पिंजरा जमिनीलाच बांधला पाहिजे. पट्ट्यांनी बांधू हा तुझा जुना हट्ट मला पाठ आहे. उत्तर तेच. पट्टा ताणाखाली लांबतो आणि पाइपाच्या कडेवर घासून तुटतो.

चार बोल्ट, एम-८, ८.८ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीच्या पोलादाचे. असा एक बोल्ट दोन टनांची ओढ सहज घेतो, प्रश्न त्याचा नाहीच. प्रश्न डिकीच्या तळाच्या पत्र्याचा आहे, तो जेमतेम मिलिमीटरभराचा. नुसत्या वायसरवर सोडलास तर वायसरसकट उपटून येईल. खालून ६० बाय ६० ची, ३ मिलिमीटरची पट्टी हवी, तिला नट वेल्ड केलेला, म्हणजे बोल्ट वरूनच सुटतो. वरूनच का, तर स्टेपनी त्या तळाखाली असते. पिंजरा बसवून झाल्यावर पंक्चर झालं की हे आठवतं. धडकेत पुढे जाताना पिंजरा पुढच्या तळकडेवर उलटू पाहतो, त्यामुळे मागच्या दोन बोल्टांवर वर ओढणारा जोर येतो, माझ्या हिशोबाने प्रत्येकी दोनशे किलोंच्या आसपास. पट्टी असेल तर निभतं. भोक पाडण्याआधी गाडीखाली शीर. इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या, वायरी, सगळं तिथूनच जातं. ड्रिलला थांबा लाव, आणि भोकाच्या कडेला प्रायमर आणि सीलंट, नाहीतर गंज तिथूनच आत शिरतो. पायांखाली कडक रबर ३ मिलिमीटरचं. मऊ आणि जाड घेतलंस तर ते बसत जातं आणि बोल्ट सैल होतात. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पान्हा फिरवायचा.

आणि मागच्या दाराला पिंजरा टेकता कामा नये. कुणी मागून धडकलं तर गाडीचा मागचा भाग चेपण्यासाठीच असतो. कडक पिंजरा दारापासून सीटपर्यंत घट्ट बसवलास की तो धक्का सरळ सीटमध्ये नेऊन पोचवतो. मी मागे सत्तर ठेवलेत, पुढे चाळीस.

आता खरी अडचण. मागून धडक बसली आणि डिकीचं दार अडकलं, तर गोट्याला काढायचं कुठून? म्हणून पुढच्या अंगाला, सीट पाडल्यावर हात पोचेल असं ४२० बाय ४२० चं दुसरं दार ठेवलंय. ते बाहेरच्या बाजूला, म्हणजे सीटकडे उघडणारं केलं तर ब्रेकच्या वेळी अख्खा गोट्या एका खटक्यावर येतो. आतल्या बाजूला उघडणारं केलं तर धक्क्यात ते चौकटीवरच दाबलं जातं, मजबुतीला उत्तम. पण आत घाबरलेला सव्वीस किलोचा कुत्रा दाराला चिकटून उभा असेल, ते आत ढकलणार कोण?

चार रात्री हेच चाललंय. सध्या मन सरकत्या दारावर आहे. जाळीच्या आतल्या अंगाने, वर-खाली पन्हाळीत, आडवं सरकणारं. धक्क्यात चौकटीवर दाबलं जाईल आणि उघडताना कुत्र्याला ढकलावं लागणार नाही. पण पन्हाळी वाकली तर? केस आणि माती साचली तर? तीन मिलिमीटर ढिलाई ठेवली तर रस्ताभर खडखडेल, एक ठेवली तर नेमक्या वेळी अडेल. खालच्या पन्हाळीला जागोजागी खाचा पाडून माती गळू द्यायची आणि वर नायलॉनची पट्टी घालायची, एवढंच सुचलंय. दुसरा पर्याय, बाहेर उघडणारंच ठेवून एका खटक्याऐवजी चारही कडांना जाड पिना. पण त्या अंधारात, थरथरत्या हाताने काढायच्या. पन्हाळी की पिना, तू सांग. असल्या गोष्टीत तुझं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतं. टेबल वगळून.

हवेचं एक राहिलं. एसीची हवा मागे नीट पोचत नाही, म्हणून मी १२ व्होल्टचा, १२० मिलिमीटरचा छोटा पंखा छताच्या जाळीला लावणार आहे, वेगळा एक अँपिअरचा फ्यूज देऊन. तो चालत्या गाडीपुरता. उन्हात बंद गाडीत तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस अंश जास्त चढतात, त्यातले बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात. पंखा तीच तापलेली हवा फिरवतो, तेव्हा ‘आत पंखा आहे, पाच मिनिटं राहील’ असं घरात कुणाला म्हणू देऊ नकोस. आणि रंग पूर्ण सुकून वास जाईपर्यंत ठमीला आत घालू नकोस, ती चाटतेच.

तुझ्या बदलीचं कळलं. चांगलं की वाईट ते लिहिलं नाहीस, म्हणजे वाईटच. आईंचं मोतीबिंदूचं नीट झालं ना? राधाला म्हणावं, पास झालीस, आता मावशीला चार ओळी लिही.

कापायच्या रेघा खडूने मारून ठेवल्यात, डाव्या बाजूला. ग्राइंडर अजून लावलेला नाही. पुढच्या दाराचं तुझं उत्तर आलं की दोन्ही कामं एकदमच करीन, म्हणजे रंग एकदाच खरवडावा लागेल. त्यामुळे या वेळी तरी चार महिने लावू नकोस, ते माझं खातं आहे.

तुझी,
नंदा

ता. क. ठमीचा पिंजरा तू नवाच करत्येस, तेव्हा बाजू पहिल्यापासूनच सुटी ठेव. नळ्या मी जास्तीच्या कापल्यात, बावीसच्या आठ. पाठवते.