मेंदूच्या पोटापाण्याचं कोण बघणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात मानसिक आजारावरचा लेख वाचला. लेख चांगलाच होता पण सगळा भर टेन्शन, मोबाईल, कर्ज अन् समुपदेशनावर. ते खरंच हाय, पण मेंदूलाही खायला लागते यावर एक ओळ नव्हती. आमच्या कुरखेड्याकडच्या खेड्यात कोणी बरळायला लागला की लोकांचे दोनच अंदाज, एक तर पिऊन असंल नाही तर कोणी करणी केली असंल. याची शुगर उतरली असंल हा तिसरा अंदाज कोणाला सुचतच नाही अन् मग गाडी दवाखान्याच्या आधी पुजाऱ्याकडे वळते.

मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्क्यांच्या आसपास, पण आपण नुसते बसून राहिलो तरी एकूण ऊर्जेतला जवळपास २० टक्के वाटा त्यालाच लागते. शिल्लक मात्र जवळपास काही नाही, म्हणून रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर दहाएक सेकंदात माणूस बेशुद्ध पडते. मेंदूच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया म्हणजे छोटी वीजघरं असतात, तिथं ग्लुकोज अन् ऑक्सिजनवर एटीपी म्हणजे पेशीचं इंधन तयार होते, अन् त्यातला मोठा हिस्सा सोडियम-पोटॅशियम आतबाहेर करण्यातच खर्च होते, कारण ते झालं नाही तर पेशीला पुढचा सिग्नलच देता येत नाही. इंधन कमी पडलं की हेच काम अडते, मग माणूस आधी चिडते, मग गोंधळते, मग असंबद्ध बोलते, कोणाला फिटही येते.

रोवणीच्या दिवसात हे जास्त होते. शुगरची गोळी सकाळी घेतली, बांधीत उतरायच्या घाईत जेवण राहिलं, दुपारी घाम सुटला, हात थरथरले अन् बाई भलतंच बोलून राहिली. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांनी हे होऊ शकते. रक्तातली शुगर ७० च्या खाली गेली की कमी अन् ५४ च्या खाली गेली की धोका, आणि हे बघायला ग्लुकोमीटरवर एक मिनिटही लागत नाही. शुद्धीत असंल अन् गिळता येत असंल तर साखरेचं पाणी द्या, बेशुद्ध असंल तर तोंडात काही टाकू नका, सरळ दवाखान्यात न्या.

दुसरी गोष्ट दारूची. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी हाय, म्हणजे मोहाची कुठं मिळते ते शाळेतल्या पोरालाही माहीत हाय. जो माणूस महिनोन्‌महिने पिते अन् जेवत नाही त्याच्या शरीरातलं बी-१ म्हणजे थायमिन संपते. ग्लुकोजमधून ऊर्जा काढणाऱ्या एन्झाइमना हे थायमिन लागतेच. ते नसलं तर राइस मिलमध्ये धान पडून हाय पण पट्टाच तुटला, अशी गत. मग चाल झोकांडते, डोळे नीट हलत नाहीत, गोंधळ उडते. जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्येच ही लक्षणं लिहून ठेवली. तिन्ही लक्षणं एकदम बऱ्याच जणांत दिसत नाहीत म्हणून सगळे समजतात की अजून उतरली नाही. वेळेवर थायमिनचं इंजेक्शन मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. अन् आमच्याकडे इलाज काय, तर अशक्तपणा आला, ग्लुकोजची सलाईन लावा! अशा माणसाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलं थायमिनही वापरल्या जाते अन् हालत बिघडू शकते. शुगर खरंच उतरली असंल तर ग्लुकोजसाठी थांबू नये, पण सोबत थायमिन द्यावं. हे इंजेक्शन काही महाग नाही, ते फक्त आठवण ठेवून द्यावं लागते.

अन् हे फक्त पिणाऱ्यांचं नाही. आपण धानपट्ट्यातले लोक, पांढराशुभ्र पॉलिशचा तांदूळ म्हणजे प्रतिष्ठा. बी-१ असते कोंड्यात. जावामध्ये आइकमन या डच डॉक्टरनं पॉलिशच्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या पायानं लुळ्या पडलेल्या पाहिल्या, पुढे १९२९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपला उकडा तांदूळ यात बरा, उकडताना बी-१ दाण्यात मुरते.

डिप्रेशन, बायपोलर, स्किझोफ्रेनियातही मायटोकॉन्ड्रियाच्या कामात गडबड सापडून राहिली, अल्झायमरमध्ये मेंदू ग्लुकोज कमी वापरते हे तर पेट स्कॅनवर दिसते. पण कारण कोणतं अन् परिणाम कोणता हे अजून सुटलं नाही. तेवढ्यावर यूट्यूबवाले सुटलेच, कीटो (भात-पोळी जवळपास बंद, तेल-तूप जास्त असा आहार) खा अन् गोळ्या फेका म्हणून. कीटो आहार १९२१ पासून फिटसाठी वापरतात, तोही औषधाला दाद न देणाऱ्या मुलांत जास्त अन् डॉक्टरच्या देखरेखीत. मानसिक आजारात त्याच्या चाचण्या अजून लहान आहेत. लिथियम (बायपोलरवरची गोळी) सुरू असलेल्या माणसानं व्हिडिओ पाहून गोळी बंद करणं म्हणजे शुद्ध आत्मघात, मला याचा फार राग येते.

तर विनंती एवढीच की आरोग्याच्या पानावर एक चौकट छापा, अचानक कोणी बरळायला लागला तर आधी शुगर तपासा, पिणारा असंल तर डॉक्टरला थायमिनबद्दल विचारा, हळूहळू डोक्यावर परिणाम दिसला तर बी-१२ अन् थायरॉईडही बघा. सोबत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या, फुकट हाय. चौकट मोठ्या अक्षरात छापा, म्हणजे आशाताईला कापून उपकेंद्राच्या भिंतीवर चिकटवता येईल.

आपला,
एक वाचक, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली