खाणीच्या जमिनीवर रोपं किती लावली यापेक्षा किती टिकली ते छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बंद झालेल्या खाणीच्या जमिनीवर इतकी हजार रोपं लावली अशी बातमी दरवर्षी पावसाळ्यात वाचतो, आकडा मोठा असतो, फोटो असतो, पण त्याच जागेवर पाच वर्षांनी काय उभं आहे याची बातमी काही वाचायला मिळत नाही. मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी होतो आणि अशा जमिनीवर मोजणीच्या कामाला जातो, त्यामुळे हे मनापासून लिहावंसं वाटलं.

मुळात खाणीतून वर काढून टाकलेला दगड-मुरूम म्हणजे माती नव्हे. त्यात कुजलेला पालापाचोळा नाही, नायट्रोजन जवळपास नाही, पाणी धरून ठेवायची ताकद नाही. दगडात पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) असेल तर हवा आणि पाणी लागून आम्ल तयार होतं, पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळायला लागतं आणि मुळांची वाढच खुंटते. त्यात डंपर आणि डोझर वरून फिरून फिरून जमीन इतकी दाबली जाते की पहार मारली तरी आत जात नाही. मेलेलं रोप उपटून बघा एकदा. मूळ पिशवीतल्या मातीच्या गोळ्यातून जरासं बाहेर येतं, कडक थराला टेकतं आणि तिथून काटकोनात वळून आडवं पसरलेलं असतं. वरून फक्त वाळलेली पानं दिसतात म्हणून रजिस्टरमध्ये 'पाणी कमी पडलं' असं लिहिलं जातं, आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवीन रोप लावून संख्या पूर्ण केली जाते!

म्हणून पहिल्या वर्षाच्या 'इतके टक्के रोपं जगली' या आकड्यावर माझा फारसा विश्वास नाही, कारण पहिलं वर्ष रोप पिशवीतल्या मातीवर आणि टँकरच्या पाण्यावर काढतं, जमिनीची खरी परीक्षा पाणी बंद झाल्यावर सुरू होते.

मोजणी कशी करायची हे काही अवघड शास्त्र नाही. जागा आधीच रँडम पद्धतीने ठरवायच्या, म्हणजे चांगली झाडं बघून प्लॉट (मोजणीसाठी आखलेला जमिनीचा तुकडा) टाकला असं होत नाही, चारही कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या ठोकायच्या, जीपीएस नोंदवायचं आणि दरवर्षी त्याच ऋतूत त्याच प्लॉटवर जायचं. मोठ्या झाडांसाठी मोठा प्लॉट, गवत आणि छोट्या रोपांसाठी एक मीटरची चौकट जमिनीवर ठेवायची आणि गुडघ्यावर बसून त्या चौकटीत काय काय आहे ते सगळं लिहायचं, उघडी जमीन किती, पालापाचोळा किती, कुठल्या जाती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुणी न लावता आपोआप उगवलेली रोपं किती. लावलेल्या झाडाला बी येऊन ते तिथेच रुजलं, किंवा शेजारच्या रानातलं बी पक्ष्यांनी, वाऱ्याने आणून टाकलं आणि ते उन्हाळा काढून जगलं, तर ती जमीन सावरायला लागली असं म्हणता येतं. आणि शेजारी न खोदलेल्या जमिनीवरही असेच प्लॉट हवेत, नाहीतर आपण तुलना कशाशी करणार?

आता सगळे सॅटेलाइटचं नाव घेतात. त्याचा उपयोग आहेच, लँडसॅट या अमेरिकन उपग्रहांचे फोटो १९७२ पासूनचे आहेत, फुकट मिळतात, सेंटिनेल-२ हा युरोपचा उपग्रह तर १० मीटरपर्यंतचं बारीक दाखवतो, खाण सुरू व्हायच्या आधी तिथे काय होतं तेही त्यात सापडू शकतं. पण अशा फोटोंवरून काढलेला एनडीव्हीआयचा आकडा हिरवेपणा सांगतो, जात सांगत नाही. नुसती सुबाभूळ माजली तरी नकाशा हिरवागार, आणि तिच्या दाटीत बाकीचं काही वर येत नाही हे खाली चालत गेल्याशिवाय कळत नाही.

आपण जे मोजतो तेच लोक पिकवतात, याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे १९७७ च्या कायद्याने कोळसा खाणवाल्यांकडून बॉण्ड, म्हणजे जमीन सावरण्याच्या हमीची रक्कम, घेतला जातो आणि झाडोरा ठरलेल्या मापाच्या ९० टक्क्यांपर्यंत आल्याशिवाय तो पूर्ण सुटत नाही, जबाबदारी ५ वर्षं, आणि २६ इंच किंवा त्याहून कमी पाऊस असलेल्या भागात १० वर्षं. ही मुदत शेवटचं बी-खत-पाणी दिल्यानंतर सुरू होते, ही अट मला फार आवडते. पण अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलाचिया या कोळशाच्या डोंगराळ भागात काय झालं, तर धूप थांबावी म्हणून जमीन दाबून सपाट केली आणि दाट गवत पेरलं, हिरवं आच्छादन मापात बसलं आणि जंगल मात्र परत येईना. मग तिथल्या जाणकारांनी निदान ४ फूट जाडीचा थर सैल ठेवा, गवत कमी पेरा असं सांगायला सुरुवात केली. पश्चिम ऑस्ट्रेलियात जारा या निलगिरीच्या जातीच्या जंगलातल्या बॉक्साइट (ॲल्युमिनियमचं खनिज) खाणींवर १५ महिन्यांनी जाती मोजून न खोदलेल्या जंगलाशी तुलना करतात, आणि वरची माती साठवून न ठेवता ताजी ताजीच पसरायचा प्रयत्न करतात कारण त्यातच रानाचं बी असतं, ढीग करून वर्षानुवर्षं ठेवली की ते मरतं.

तेव्हा आपल्याला एक विनंती आहे. लागवडीची बातमी छापताना तुमच्या वार्ताहराने चार प्रश्न तरी विचारावेत: मोजणीचे प्लॉट कायमचे आहेत का, मेलेल्या जागी परत लावलेली रोपं वेगळी दाखवलीत का, पाणी कधी बंद केलं, आणि आपोआप उगवलेल्या जाती किती. मोजणारा माणूस लावणाऱ्याच्याच पगारावर आहे का हेही विचारायला हरकत नाही. उत्तरं मिळाली तर ती छापा, नाही मिळाली तर तेही छापा, आणि तीन-चार वर्षांनी त्याच जागेवर परत माणूस पाठवा.

आपला,
एक नियमित वाचक